वेबपान, कागद आणि मराठी फाँट

साताऱ्यात स्पर्धा परीक्षांची तयारी करणारी मुलं मराठी विश्वकोशातली नोंद मोबाइलवर उघडतात, पीडीएफ करून घेतात आणि झेरॉक्सवाल्याला पाठवून देतात. गंमत म्हणजे हा विश्वकोश घडला याच जिल्ह्यातल्या वाईला, आणि १९७६ साली त्याचा पहिला खंड आला तो छापूनच. कागदावरची नोंद वेबवर गेली नि तिथून पुन्हा कागदाच्या मापात आली.

ही उठाठेव करावी लागते, कारण वेबपानाला मुळात मापच नसतं. वेबचे जनक टिम बर्नर्स-ली यांच्या एचटीएमएलमध्ये, म्हणजे वेबपान लिहायच्या भाषेत, हे शीर्षक, हा परिच्छेद एवढंच सांगितलेलं असतं. ओळ कुठे मोडायची ते पडदा ठरवतो. त्याच सुमारास अडोबी या सॉफ्टवेअर कंपनीचे जॉन वॉर्नॉक नेमकं उलटं घडवू पाहत होते: कुठल्याही यंत्रावर उघडा, प्रत्येक अक्षर आपल्या जागीच दिसलं पाहिजे. १९९३ साली पीडीएफ बाजारात आलं. सुरुवातीला ते नुसतं वाचायच्या सॉफ्टवेअरलाही पैसे पडत.

तेव्हा वेबपान जतन केलं की एक फाइल आणि चित्रांचं एक फोल्डर मिळे. फोल्डर मागे राहिलं की चित्रं गायब. १९९९ च्या इंटरनेट एक्स्प्लोररने सगळं एका एमएचटी फाइलमध्ये बांधून दिलं, पण इतर ब्राउझरांशी तिचं फारसं जमलं नाही. छापताना मेनू नि जाहिराती लपवायची सोय सीएसएसमध्ये, म्हणजे वेबपानाचं रूप ठरवणाऱ्या भाषेत, १९९८ पासून आहे. ती वापरायचे कष्ट आजही बऱ्याच साइट घेत नाहीत. पुढे ॲपलच्या मॅक संगणकांमध्ये पीडीएफ करणं आतच आलं. विंडोजवाल्यांनी मात्र २०१५ पर्यंत, म्हणजे विंडोज १० येईपर्यंत, बाहेरची सॉफ्टवेअर टाकून काम भागवलं.

मराठीत पीडीएफ रुजायचं खरं कारण मला फाँट वाटतं. युनिकोड, म्हणजे प्रत्येक अक्षराला सगळीकडे एकच क्रमांक देणारी पद्धत, सर्रास होण्याआधी मराठी साइट आपापले फाँट वापरत. तो फाँट संगणकात नसला की पानभर इंग्रजी अक्षरांची खिचडी दिसे, आणि जतन केलेलं पान दुसऱ्या संगणकावर निरुपयोगी ठरे. पीडीएफमध्ये फाँट सोबतच बांधून जातो. दीर्घकाळ जतन करण्यासाठी २००५ साली ठरलेल्या पीडीएफ/ए मानकाने तर तो बांधणं सक्तीचंच केलं.

याची किंमत शोधताना मोजावी लागते. पीडीएफ अक्षरांचे आकार आणि त्यांच्या जागा सांभाळतं. 'कि' लिहिताना युनिकोडमध्ये आधी क, मग वेलांटी. कागदावर मात्र वेलांटी आधी उमटते. जोडाक्षराचा तर अख्खा एकच आकार असतो. कुठला आकार म्हणजे कुठलं अक्षर याची नोंद फाइलमध्ये नीट नसली, तर पान डोळ्यांना स्वच्छ दिसतं, पण कॉपी केलं की वेलांट्या भलतीकडे जातात आणि शोधलेला शब्द सापडत नाही. जुन्या फाँटातल्या पानांचं तर विचारूच नका. त्यामुळे युनिकोडमधलं पान असेल तर पीडीएफच्या जोडीला मूळ एचटीएमएलही ठेवलेलं बरं.