खडा कॅल्शियमचा की युरिक ॲसिडचा? रक्ताच्या रिपोर्टवरून का ठरत नाही

मे महिन्यातला रिपोर्ट. कॅल्शियम १०.८, युरिक ॲसिड ७.८, दोन्हींपुढे वर जाणारा बाण. सोनोग्राफीत ६ मिलिमीटरचा मुतखडा. घरात लगेच फर्मान सुटतं: कॅल्शियम वाढलंय म्हणून दूध-दही बंद, युरिक ॲसिड वाढलंय म्हणून डाळ बंद. जेवणात उरते भाकरी आणि शेंगाचटणी. अशा जेवणाने खडा कमी होणं दूरच, वाढायचीच शक्यता जास्त.

खडा लघवीत तयार होतो, त्यामुळे रक्तातला आकडा त्याची जात सांगत नाही. बहुतेक मुतखडे कॅल्शियम ऑक्सलेटचे (ऑक्सलेट म्हणजे काही खाद्यपदार्थांत असणारा क्षार) असतात आणि ते होणाऱ्या बहुतेकांचं रक्तातलं कॅल्शियम नॉर्मल, म्हणजे साधारण ८.५ ते १०.५ मध्ये असतं. त्यांच्या लघवीत कॅल्शियम किंवा ऑक्सलेट जास्त उतरतं, नाहीतर लघवीच कमी होते. युरिक ॲसिडच्या खड्याचं मूळ आणखी वेगळं. लघवीचा पीएच (आम्लतेचं माप; आकडा जितका कमी तितकी आम्लता जास्त) सतत ५.५ च्या खाली राहिला की युरिक ॲसिड विरघळत नाही, खाली बसतं. मधुमेह आणि वाढलेलं वजन असलेल्यांची लघवी बऱ्याचदा अशी आम्लधर्मी असते, म्हणून रक्तातलं युरिक ॲसिड ५.८ असूनही हा खडा होऊ शकतो.

ओळखायचं कसं? पोटाच्या साध्या एक्स-रेमध्ये कॅल्शियमचा खडा बहुधा पांढरा दिसतो, शुद्ध युरिक ॲसिडचा दिसत नाही. सोनोग्राफीत दोन्ही दिसतात. म्हणजे सोनोग्राफीत खडा आहे आणि एक्स-रे कोरा, तर संशय युरिक ॲसिडवर. पण खडा फार लहान असेल किंवा आतड्यात गॅस असेल तर कॅल्शियमचाही झाकला जातो. सीटी स्कॅनमध्ये खड्याची घनता आकड्यात मिळते: युरिक ॲसिडचा साधारण ५०० हाउन्सफिल्डच्या आत, कॅल्शियमचा त्याहून बराच वर. सगळ्यात पक्का पुरावा म्हणजे पडलेला खडाच. लघवी बारीक कापडातून गाळा, खडा धुऊन कोरडा करा आणि डबीत घालून तपासणीला द्या. कळ थांबली की लोक तो टाकून देतात, आणि पुढच्या वेळी पुन्हा अंदाजपंचे.

जात कळली की उपचाराच्या वाटा फुटतात. युरिक ॲसिडचा खडा औषधाने विरघळतो: पोटॅशियम सायट्रेट देऊन लघवीचा पीएच ६ ते ७ मध्ये ठेवतात, घरी पट्टीने ताज्या लघवीवर मोजतात. ७ च्या वर गेला तर उलट कॅल्शियम फॉस्फेट बसायला लागतं. किडनी अधू असेल तर या औषधाने रक्तातलं पोटॅशियम धोकादायक वाढू शकतं, म्हणून मनाने घेऊ नये. खायचा सोडा पिण्याचा घरगुती उपायही टाळा. त्यातल्या सोडियममुळे लघवीत कॅल्शियम जास्त उतरू शकतं. कॅल्शियम ऑक्सलेटचा खडा मात्र औषधाने विरघळत नाही. लहान असेल तर पडतो, मोठा असेल तर फोडावा किंवा काढावा लागतो. कळेबरोबर थंडी-ताप आला किंवा लघवी बंद झाली, तर जातीची चर्चा बाजूला ठेवून थेट दवाखाना.

आता शेंगाचटणी. शेंगदाण्यात आणि तिळात ऑक्सलेट भरपूर. पण सोलापुरात चटणीवर दही घ्यायची रीत आहे, ती इथे कामाची. दह्यातलं कॅल्शियम ऑक्सलेटला आतड्यातच धरतं आणि जोडी शौचावाटे बाहेर जाते. दही बंद केलं की सुटं ऑक्सलेट लघवीत उतरतं. चटणी कमी करा, दही ठेवा, मीठ आवरा. कॅल्शियमची गोळी चालू असेल तर ती जेवणासोबत घ्या. युरिक ॲसिडसाठी डाळीवर राग काढण्यात अर्थ नाही. कलेजी, सुकी मासळी आणि बिअर आधी बंद करा. पाणी दोन्हींना लागू. दिवसाला दोन ते अडीच लिटर लघवी व्हायला हवी. ४२-४३ अंशांत यंत्रमागावर उभं राहणाऱ्याचं बरंचसं पाणी घामातच जातं, त्यामुळे किती प्यायलो यापेक्षा किती लघवी झाली ते मोजा. हृदय किंवा किडनीचा आजार असेल तर पाण्याचं प्रमाण डॉक्टरांना विचारा.

राहिले ते दोन बाण. उन्हाने अंगातलं पाणी कमी झालं की दोन्ही आकडे फुगतात. रक्तातलं बरंच कॅल्शियम अल्ब्युमिन या प्रोटीनला चिकटलेलं असतं. अल्ब्युमिन ५ आणि कॅल्शियम १०.८ असेल, तर अल्ब्युमिन ४ च्या वर जितकं, त्या प्रत्येक १ मागे ०.८ वजा करा: खरा आकडा १०.०. रक्त घेताना दंडाची पट्टी बराच वेळ आवळून ठेवली तरी कॅल्शियम थोडं जास्त येतं. हा हिशोब करूनही बाण राहिला, तर ब्लडप्रेशरच्या गोळीचं पाकीट काढा. हायड्रोक्लोरोथायझाइड किंवा क्लोरथॅलिडोन लिहिलंय का बघा. ही औषधं किडनीत कॅल्शियम आणि युरिक ॲसिड दोन्ही अडवतात. गंमत म्हणजे लघवीतलं कॅल्शियम कमी करायला हीच औषधं मुतखड्यासाठीही देतात. गोळी मनाने सोडू नका, पाकीट डॉक्टरांना दाखवा. ६०,००० युनिटची व्हिटॅमिन डीची पुडी महिनोन्‌महिने चालू असेल तर तेही सांगा.

गोळीही नाही, पुडीही नाही, तरी कॅल्शियम वर असेल तर पीटीएच, म्हणजे पॅराथायरॉईड ग्रंथीचं हार्मोन, तपासतात. रक्तात कॅल्शियम जास्त असताना पीटीएच दबलेलं असायला हवं. ते ‘नॉर्मल’ आलं तरी खूश होऊ नका. गळ्यातल्या पॅराथायरॉईड ग्रंथीत गाठ असण्याची शक्यता तिथे उरते. या आजारात लघवीत कॅल्शियम वाढून मुतखडे होतात आणि कित्येकांचं रक्तातलं युरिक ॲसिडही चढतं.