एक्क्याण्णव वेळा पडलेलं सरकार

वॉल्टर लिपमन आणि चार्ल्स मर्ट्झ या अमेरिकी पत्रकारांनी १९२०मध्ये ‘न्यूयॉर्क टाइम्स’चे तीन वर्षांचे अंक काढले आणि रशियन क्रांतीच्या बातम्या मोजल्या. नोव्हेंबर १९१७नंतरच्या दोन वर्षांत क्रांतीतून सत्तेवर आलेलं बोल्शेविक सरकार पडलं किंवा पडायला आलंय, असं ९१ वेळा छापलेलं निघालं. सरकार जागच्या जागी होतं. बातमीदारांनी ठरवून थापा मारल्या, असा आरोप लिपमनने केला नाही; जे घडावंसं वाटत होतं तेच त्यांना दिसत गेलं.

पुढे १९२२मध्ये लिपमनने ‘स्टिरिओटाइप’ हा छापखान्यातला शब्द मनातल्या ठोकळेबाज समजुतींसाठी वापरला. छपाईच्या अक्षरांचे खिळे जुळवून झाले की त्यांचा साचा घेऊन अखंड पत्रा ओतत. हव्या तितक्या प्रती निघत, पण एक अक्षरही बदलता येत नसे. व्हॉट्सॲपवरचा फॉरवर्ड हा असाच ओतीव पत्रा.

इंदूरच्या रामबागेतल्या एखाद्या ग्रुपवर निरोप येतो: ‘उद्या नर्मदेचं पाणी येणार नाही.’ तारीख नाही, टाकीचं नाव नाही. हा ‘उद्या’ कधीच शिळा होत नाही. गेल्या उन्हाळ्यातला निरोप आजही ताजा दिसतो आणि घरोघरी बादल्या भरल्या जातात.

लिपमनची मोजणी इथे सहज करता येते. एकच विषय घ्या, समजा पाणी, आणि ३० दिवस वहीत चार रकाने भरा: निरोप आला ती तारीख, नेमका दावा, सांगणारा कोण, प्रत्यक्षात काय झालं. ‘सूत्रांकडून’ किंवा ‘आतल्या माणसाकडून’ असेल तर तिसरा रकाना कोराच ठेवायचा. हा नियम जरा कडक आहे, पण सैल केला की वहीला अर्थ उरत नाही.

गडबड बहुधा दोन ठिकाणी होते. एकच मजकूर पाच ग्रुपांवर दिसला की आपण पाच पुरावे धरतो. तो एकच मोजायचा. दुसरी गडबड दोन बाणांच्या खुणेची. पाच किंवा जास्त वेळा पुढे गेलेल्या निरोपावर ती येते, आणि एप्रिल २०२०पासून तो एका वेळी एकाच चॅटला पाठवता येतो. पण कुणी मजकूर कॉपी करून नव्याने डकवला की खूण पुसली जाते. म्हणून खुणेवर न जाता शब्द जुळवून पाहा; शुद्धलेखनाच्या चुकासुद्धा त्याच निघतात.

चौथा रकाना मात्र दावा केलेला दिवस उलटल्यावरच भरायचा, तोही नळ उघडून बघून.