बत्तीस म्हणजे बत्तीस नव्हे

"बत्तीसची काडतुसं द्या." शस्त्रांच्या दुकानात अशी .३२ बोअरची, म्हणजे नळीचा व्यास साधारण ०.३२ इंच असलेल्या शस्त्राची, काडतुसं मागणाऱ्याला "रिव्हॉल्व्हरची की पिस्तुलाची?" असं विचारलं की उत्तर ठरलेलं: "बत्तीस म्हणजे बत्तीस, त्यात काय!" ठाण्यात काय, वाशीत काय, परवाना हातात असलेली जाणती माणसंही हेच बोलतात. बऱ्याच परवान्यांवर 'रिव्हॉल्व्हर/पिस्तूल' एकाच ओळीत असतं, त्यामुळे गैरसमज आणखी पक्का होतो.

रिव्हॉल्व्हर आणि पिस्तूल यांतला फरक इथे उगाळत नाही. सिलेंडर फिरतो ते रिव्हॉल्व्हर, मुठीत मॅगझीन सरकतं ते पिस्तूल. बातम्यांत दोन्ही सरसकट 'पिस्तूल' होतात, त्याचं आता काही वाटेनासं झालंय. घोळ काडतुसांचा आहे.

रिव्हॉल्व्हरचं काडतूस म्हणजे .३२ स्मिथ अँड वेसन लाँग, १८९६ सालचं. पिस्तुलाचं ते .३२ एसीपी (ऑटोमॅटिक कोल्ट पिस्टल), शस्त्ररचनाकार जॉन ब्राउनिंगचं, १८९९ सालचं, त्यालाच ७.६५ मिलिमीटरही म्हणतात. गोळीची जाडी दोन्हींत जवळपास तीच. पितळी केसही (काडतुसाचं नळकांडं) बुडाशी सारखीच, साधारण ८.६ मिलिमीटर. म्हणूनच पिस्तुलाचं काडतूस रिव्हॉल्व्हरच्या सिलेंडरमधल्या घरात अलगद जातं, आणि गेलं म्हणजे चालतं अशी लोकांची समजूत होते.

दोन्ही तळहातावर शेजारी ठेवून बघा. लाँग सुमारे ३२ मिलिमीटर, एसीपी २५. उंचीचा हा फरक कुणालाही दिसतो. बघायची ती बुडाची कड. लाँगची ही कड, म्हणजे रिम, केसच्या बाहेर जवळपास अर्धा मिलिमीटर येते. ती सिलेंडरच्या मागच्या बाजूला टेकते आणि काडतूस जागच्या जागी राहतं. एसीपीची कड जेमतेम पाव मिलिमीटर बाहेर, तिच्यावर खाच, नखाला कशीबशी लागणारी. तिचा आधार इतका तुटपुंजा की घोडा पडला तरी बार उडेलच याची खात्री नाही, आणि उडालाच तर रिकामी केस बाहेर काढणाऱ्या एक्स्ट्रॅक्टरला ती उचलायला धड पकड मिळत नाही. त्यात बार उडताना केसमध्ये होणाऱ्या दाबाची मर्यादा लाँगसाठी चौरस इंचाला १५,००० पाउंड, एसीपीसाठी २०,५००. एसीपीची गोळी मात्र वजनाला हलकी, ९८ ग्रेनऐवजी ७१. म्हणून एसीपीला मवाळ समजणारे इथेच फसतात.

उलटी चूक होत नाही. लाँग पिस्तुलाच्या मॅगझीनमध्ये मावतच नाही, विषय संपला.

माझं बत्तीसचं रिव्हॉल्व्हर कानपूरच्या सरकारी शस्त्र कारखान्यातलं, जुनं, सेकंडहँड. घडण .३८ बोअरच्या वेब्ली मार्क ४ या ब्रिटिश रिव्हॉल्व्हरची, त्यामुळे बत्तीसच्या मानाने चांगलंच थोराड. ते बघून हमखास कुणीतरी म्हणतं, "एवढं दणकट आहे, काहीही झेलेल." अहो, हे मधून मोडून उघडतं. नळी आणि सिलेंडर बिजागरीवर पुढे झुकतात आणि बंद केल्यावर सगळी भिस्त वरच्या कडीवर असते. फ्रेम कितीही जाड असो, झीज तिथे होते. जुनं घेताना ते रिकामं आहे याची खात्री करा, मूठ घट्ट धरून नळी हलवा. कडीपाशी खुळखुळ जाणवली तर सोडून द्या. लोक मात्र चकाकी बघतात! नव्याने निकेल चढवलेलं जुनं रिव्हॉल्व्हर दिसलं की मला आधी संशय येतो.

वजनाची माझी तक्रार नाही. पाचशे ग्रॅमच्या 'निर्भीक' या हलक्या रिव्हॉल्व्हरपेक्षा हे जड धूडच मला आवडतं. बार उडाला तरी हातात शांत राहतं. नुसता चाप ओढायचा तर बोटाला जोर लागतो, घोडा आधी मागे घेतला की चाप मऊ होतो. एवढंच की ते चामड्याच्या होल्स्टरमध्ये घालून कपाटात ठेवू नका. आपल्याकडच्या खाडीच्या हवेत चामडं ओल धरतं आणि पावसाळा सरेपर्यंत पोलादावर तांबूस ठिपके उमटतात.

काडतुसं घेताना 'बत्तीस लाँग, रिव्हॉल्व्हरची' असं पूर्ण नाव घ्या आणि पैसे देण्याआधी डबा उघडून बुडाची कड बघा. कुणाकडची उरलेली सुटी काडतुसं तर घेऊच नका, एकाच पुडीत दोन्ही जातींची निघतात.