लक्षद्वीपचं परमिट: बडोदेकरांचे अर्ज कुठे अडतात

लक्षद्वीपच्या मूळ रहिवाशांखेरीज इतरांना, भारतीय असले तरी, तिथे जायला प्रवेश परमिट लागतं. १९६७च्या नियमांपासून ही अट आहे. लक्षद्वीप पर्यटन खात्याच्या 'समुद्रम' या जहाजाच्या सहलीत रात्रीचा मुक्काम जहाजावरच असतो. दिवसा होडीने कवरत्ती, कल्पेनी, मिनिकॉयला उतरायचं आणि संध्याकाळी जहाजावर परतायचं. त्यामुळे पुष्कळांना वाटतं, आपण बेटावर राहणारच नाही, मग परमिट कशाला? पण बेटावर पाय ठेवायचा तरी ते लागतंच.

अर्ज ई-परमिट पोर्टलवर भरायचा. फोटो, ओळखपत्र आणि फी यात काही अवघड नाही. घोडं अडतं ते पोलीस क्लिअरन्स सर्टिफिकेटपाशी, म्हणजे तुमच्यावर गुन्हा नसल्याच्या पोलिसांच्या दाखल्यापाशी. अनेकजण त्यासाठी पासपोर्ट ऑफिस गाठतात. तिथलं सर्टिफिकेट परदेशी जाणाऱ्यांसाठी असतं, इथे ते उपयोगाचं नाही. तुम्ही राहता तिथल्या पोलिसांचंच हवं. बडोदा शहरात राहणाऱ्यांचं काम पोलीस आयुक्तालयाकडे आणि पादरा, डभोईकडच्यांचं ग्रामीण एस.पी. कार्यालयाकडे.

आधारवर दांडिया बाजारातल्या जुन्या वाड्याचा पत्ता आणि राहणं मांजलपूरला, अशी कितीतरी घरं आहेत. चौकशीला पोलीस वाड्यावर जातो, दाराला कुलूप, आणि अर्ज तिथेच पडून राहतो. आधी आधारवरचा पत्ता बदला, मगच अर्ज करा.

त्याहून जास्त त्रास नावाचा. आपल्याकडच्या गुजराती कागदांवर आडनाव आधी येतं आणि नावाला 'भाई', 'बेन' चिकटतं. रेशन कार्डावर 'जोशी सुधाबेन विनायकभाई', आधारवर 'सुधा विनायक जोशी' आणि शाळेच्या दाखल्यावर माहेरचं नाव. माणूस एकच, पण तपासणाऱ्याला तीन दिसतात. हा 'बेन' त्या बाईंनी मागितलेला नसतो, खिडकीवरच्या कारकुनाने लावलेला असतो. त्यापायी सत्तरीच्या बाईने खेटे घालायचे, याची चीड येते. पण चिडून परमिट मिळत नाही. आधारवर नाव जसं आहे, अक्षरन् अक्षर तसंच पोलिसांच्या अर्जात, परमिटच्या अर्जात आणि जहाजाच्या बुकिंगमध्ये लिहा. लग्नानंतर नाव बदललं असेल तर विवाह नोंदणीचा दाखला जवळ ठेवा.

तारखांचाही घोळ होतो. जहाज कोचीहून सुटतं, म्हणून लोक ओखा–एर्नाकुलम गाडीचं तिकीट ६० दिवस आधी काढून मोकळे होतात आणि सर्टिफिकेटची आठवण शेवटच्या आठवड्यात होते. पोलीस चौकशी तुमच्या तिकिटासाठी थांबत नाही. तिकीट काढाल त्याच दिवशी तो अर्जही टाका. घरातल्या प्रत्येकाचा वेगळा. नवऱ्याच्या सर्टिफिकेटवर बायकोचं काम होत नाही.

परमिट आलं की त्यावरची बेटांची नावं वाचा. ज्यांची नावं आहेत तेवढ्याच बेटांवर उतरता येतं. बेटावर पोचल्यावर ते पोलीस ठाण्यात दाखल करावं लागतं, म्हणून छापील प्रती जास्तीच्या घ्या. फक्त मोबाइलवर विसंबू नका.