भुंगा आणताना डबीत कोंडू नका
(कीटकांच्या देखाव्यांची ऑर्डर देणाऱ्यांसाठी)

मेलेले भुंगे वाळवून, पखवाज वाजवणारे किंवा पालखी वाहणारे असे उभे करून आम्ही काचेच्या पेटीत देखावे करतो. बागेत सापडलेला मेलेला गेंडा भुंगा प्लास्टिकच्या डबीत, झाकण घट्ट लावून आणू नका. आमचा सगळ्यात जास्त वेळ यातच जातो, म्हणून आधी हेच सांगतो.

भुंगा वरून टणक दिसला तरी पोटात चरबी आणि ओल असते. बंद डबीत ती ओल जाणार कुठे? आपल्याकडच्या पावसाळी हवेत दोन-चार दिवसांत पांढरी बुरशी धरते, आधी पायांच्या सांध्यांवर आणि मग मानेच्या फटीत. बुरशी ब्रश आणि स्पिरिटने निघते, पण कुजलेला सांधा सुटला की सुटलाच. मग सहाही पाय एकेक करून चिकटवावे लागतात आणि पखवाजावर हवा तसा हात बसत नाही.

भुंगा कागदात सैल गुंडाळून पुठ्ठ्याच्या खोक्यात ठेवा. मुंग्यांपासून सांभाळा. लगेच येणं जमणार नसेल तर फ्रीझरमध्ये ठेवा. तिथे डबी चालते. वाळलेले पाय घरी सरळ करायला जाऊ नका, कटकन मोडतात.

“तुम्हीसुद्धा बंद डब्यातच ठेवता की!” असं बरेच जण म्हणतात. ठेवतो, पण तो भुंगा आधी पूर्ण वाळलेला असतो, आणि ठेवतो ते सांधे मऊ करण्यापुरतंच. डब्याच्या तळाला ओली वाळू, वाळूत जंतुनाशकाचे थेंब, वर जाळी आणि जाळीवर भुंगा. एक-दोन दिवसांत सांधे मऊ झाले की लगेच बाहेर काढून पाय हवे तसे वळवतो, टाचण्यांचा आधार देतो आणि पुन्हा वाळवतो. मोठा भुंगा पावसाळ्यात सिलिका जेलच्या पेटीतही सावकाशच वाळतो. अर्धवट वाळलेला काचेत बंद केला तर आतून बुरशी येणारच. म्हणून मृगापासून दसऱ्यापर्यंतच्या ऑर्डरला आम्ही दीड महिना मागतो. ही मुदत कमी होणार नाही.

गेंडा भुंगा आणि सोंड्या (सोंडेचा भुंगा) हे माडाचे वैरी. बागायतदार गेंडा भुंगे शेंड्यातून आकडीने ओढून काढतात, त्यामुळे आम्हाला मुद्दाम कीटक मारावे लागत नाहीत. फुलपाखरं मात्र घेत नाही, मेलेलीही नाही. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने त्यांच्या कित्येक जातींना संरक्षण आहे. ब्लू मॉरमॉन तर २०१५ पासून महाराष्ट्राचं राज्य फुलपाखरू आहे. जास्त पैसे देऊ केले तरी आमचं उत्तर तेच.

देखावा घरी नेल्यावर पेटी उघडू नका, उन्हात ठेवू नका. आत डांबरगोळी टाकू नका. ती थर्माकोलला टेकली की थर्माकोल वितळतो. भुंग्याखाली तपकिरी भुसा दिसला तर कीड लागली समजा आणि पेटी आमच्याकडे आणा. लहान पेटी प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून आठवडाभर फ्रीझरमध्ये ठेवली तरी चालेल. बाहेर काढल्यावर गारवा पूर्ण जाईपर्यंत पिशवी सोडू नका, नाहीतर काचेला आतून पाणी सुटतं.

दशावताराचा संच (पखवाज, झांज, पायपेटी) तयार मिळतो. शिमग्याची पालखी ऑर्डरप्रमाणे करतो. पालखीला एकाच मापाचे चार भुंगे लागतात. तुमच्याकडे दोनच असले तरी आणा, जोडीला आमच्याकडचे लावू.