उठावाची टाइल सरळ का राहत नाही, आणि मर्सरने त्यावर काय केलं

अमेरिकेत पेनसिल्व्हेनियाचं विधानभवन हॅरिसबर्गला आहे, 1906 साली त्याचं उद्घाटन झालं. तिथे गेलेला माणूस आधी वर घुमटाकडेच बघतो, पण मला विचाराल तर खरी गंमत पायाखाली आहे. लाल मातीच्या टाइल्सच्या फरशीत जवळपास 400 मोझेक चित्रं बसवलीयेत, पक्षी, मासे, किडे, सूत कातणारी बाई, अगदी मोटारगाडीपण आहे त्यात. ही सगळी हेन्री चॅपमन मर्सरची. गडी शिकला वकिली, मग वळला पुरातत्त्वाकडे, आणि जुनी हत्यारं-अवजारं गोळा करता करता त्याच्या लक्षात आलं की आपल्या भागातलं कुंभारकाम संपत चाललंय, म्हणून 1898 मध्ये डॉइल्सटाउन या स्वतःच्या गावी त्याने टाइल्सचा कारखानाच काढला. तिथली लाल माती भांड्यांसाठी काही खास नव्हती, टाइल्सना मात्र मस्त चालली. डिझाइनं त्याने जुन्या वास्तूंमधून उचलली, जर्मन वसाहतवाल्यांच्या घरातल्या बिडाच्या शेगड्यांवरची उठावचित्रं, युरोपातल्या मध्ययुगीन मठांच्या फरश्या, असं बरंच काही.

आता सपाट टाइल आणि उठावाची टाइल, म्हणजे जिच्यावरचं चित्र पृष्ठभागातून वर उचललेलं असतं ती, यात जमीन-अस्मानाचा फरक आहे, आणि तो मातीच्या पोटात दडलाय. चिकणमातीचे कण म्हणजे अतिशय बारीक चपट्या पापुद्र्या, बहुतेक 2 मायक्रॉनपेक्षाही लहान, आणि त्यांच्यामध्ये पाण्याचा पातळ थर असतो. त्या पाण्यामुळे पत्त्यांच्या कॅटसारख्या त्या एकमेकींवरून सरकतात, म्हणून ओली माती दाबाल तशी वळते आणि वळवली की तशीच राहते. वाळताना हे मधलं पाणी निघून जातं, कण जवळ येतात आणि सगळा तुकडा आकसतो. कण एकमेकांना टेकले की आकसणं थांबतं, पुढे उरलेलं पाणी गेलं तरी माप फारसं बदलत नाही. वाळणं आणि भाजणं मिळून टाइलची लांबी सहज 10 टक्क्यांनी कमी होऊ शकते, त्यामुळे साचा आधीच मोठा करावा लागतो.

सगळीकडे सारखं आकसलं असतं तर काही प्रश्नच नव्हता. पण समजा उठावाच्या टाइलवर कमान आहे, तर तिचा खांब जाड, मागची पार्श्वभूमी पातळ. पातळ भाग आधी वाळतो, आधी आकसायला बघतो, आणि शेजारचा जाड ओला भाग काही त्याच्याबरोबर जात नाही, मग या ओढाताणीत एकतर टाइल वाकते नाहीतर बरोबर खांबाच्या बुडाशी तडा जातो. म्हणून अनुभवी कारागीर जाड भाग मागून कोरून पोकळ करतात म्हणजे जाडी सगळीकडे साधारण सारखी होते, आणि टाइल झाकून ठेवून सावकाश वाळवतात. आणखी एक उपाय म्हणजे भाजलेल्या मातीचा चुरा मिसळायचा, तो आधीच आकसून बसलेला असतो त्यामुळे परत आकसत नाही. आपल्याकडचे कुंभार मातीत राख आणि लीद घालतात, त्यात लीद भट्टीत जळून जाते आणि बारीक छिद्रं ठेवते, तीसुद्धा त्याच जातीची शहाणीव आहे.

मर्सरची युक्ती मला यातली सगळ्यात देखणी वाटते. मोठं चित्र एकाच तुकड्यात करायचंच नाही! चर्चमधल्या रंगीत काचांमध्ये जशा शिशाच्या रेघा आकृतीच्या कडेने जातात तसं त्याने मातीचं चित्र बाह्यरेषेवरच कापलं, बाईचा हात वेगळा, झगा वेगळा, चाक वेगळं, आणि भाजल्यावर ते सगळे तुकडे सिमेंटमध्ये बसवले. प्रत्येक लहान तुकडा स्वतःपुरता आकसतो, थोडंफार मागेपुढे झालं तर ते सिमेंटच्या फटीत जिरून जातं, आणि ती फटच चित्राची रेघ होते. चित्रकाराचा निर्णय आणि मातीचा स्वभाव इतके एका रेषेत आलेले मी तरी फार कमी ठिकाणी पाहिलेत.

भट्टीतही धोके आहेतच. साधारण 450 ते 600 अंश सेल्सिअसला मातीच्या स्फटिकात बांधलेलं पाणी निघतं, आणि त्यानंतर त्या मातीचा परत चिखल होत नाही. 573 अंशाला मातीतलं क्वार्ट्झ (वाळूत असतं ते खनिज) एकदम फुगतं आणि भट्टी थंड होताना त्याच तापमानाला एकदम आकसतं, म्हणून भट्टी गार करायची घाई केली की जाड-पातळ टाइलचा तुकडा पडलाच समजा. लाल रंग लोहाच्या ऑक्साइडचा, भट्टीत हवा भरपूर असेल तरच तो तसा खुलतो, हवा कमी पडली की टाइल काळपट.

आणि ग्लेझ, म्हणजे टाइलवरचा काचेसारखा लेप! वितळलेलं ग्लेझ उंच कडांवरून ओघळतं आणि खोलगट जागी साचतं, त्यामुळे एकच रंग कडांवर फिका आणि खोबणीत गडद दिसतो, सावली रंगवायची गरजच उरत नाही. पण थंड होताना ग्लेझ खालच्या मातीपेक्षा जास्त आकसलं तर त्यावर बारीक तड्यांचं जाळं पडतं.

1908 ते 1912 या काळात मर्सरने फॉन्टहिल हे स्वतःचं घर काँक्रीटमध्ये बांधलं. छतासाठी आधी फळ्यांवर माती रचून घुमटाचा आकार करायचा, वर वाळू, वाळूत टाइल्स उपड्या मांडायच्या, आणि त्यावर काँक्रीट ओतायचं, मग खालचा आधार काढला की टाइल्स छतातच बसलेल्या. म्हणजे इमारतीवरून सुचलेली टाइल परत इमारतीचाच भाग झाली. त्याचा कारखाना आजही चालू आहे, टाइल्स अजून हाताने होतात. कुठेही उठावाची टाइल हातात आली तर ती उलटी करून नक्की बघा, मागे खाचा किंवा पोकळ्या दिसल्या तर करणाऱ्याला माती कळत होती.