गडसंवर्धनासाठी संस्था नोंदणी आणि कामाची परवानगी: पात्रता, कागदपत्रं, अर्ज कुठे करायचा

पावसाळा सरला की गडांवर श्रमदानाच्या मोहिमा सुरू होतात. टाक्यांतला गाळ उपसणं, दरवाजात साचलेली माती काढणं, तटावरची झुडपं तोडणं, मोडलेली पायवाट नीट करणं ही कामं गावोगावचे गट वर्षानुवर्षं पदरमोड करून करत आले आहेत. कधीतरी या गटांना वाटतं की आता रीतसर नोंदणी करावी. ते योग्यच आहे. मात्र संस्था नोंदवली म्हणजे गडावर काम करायची मुभा मिळाली, असा समज फार पसरलेला आहे आणि त्यापायी मनापासून काम करणारी माणसं अडचणीत येतात.

धर्मादाय कार्यालयातल्या नोंदणीमुळे बँक खातं उघडता येतं, पावतीपुस्तक छापता येतं, कायद्यापुढे संस्थेला नाव मिळतं. गडावरच्या चिऱ्याला हात लावायचा तर परवानगी गड ज्याच्या ताब्यात आहे त्या खात्याकडून घ्यावी लागते. हे दोन अर्ज वेगळे आहेत आणि त्यांची कार्यालयंही वेगळी.

गड कोणाच्या ताब्यात आहे?

नोंदणीच्या कागदांना हात घालण्याआधी याचं उत्तर शोधा, कारण पुढचं सगळं त्यावर ठरतं. काही गड केंद्र संरक्षित आहेत. त्यांना 1958 चा प्राचीन स्मारकांचा केंद्रीय कायदा लागू होतो आणि ते भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाकडे असतात. काही राज्य संरक्षित आहेत. त्यांना 1960 चा महाराष्ट्राचा कायदा लागू होतो आणि त्यांची जबाबदारी राज्याच्या पुरातत्त्व व वस्तुसंग्रहालये संचालनालयाकडे असते. नावं सारखी वाटली तरी खातं निराळं असू शकतं. जुलै 2025 मध्ये जागतिक वारसा यादीत गेलेले 12 किल्ले घ्या. त्यातले 11 महाराष्ट्रात आहेत, बारावा तमिळनाडूतला जिंजी. रायगड, शिवनेरी, लोहगड, पन्हाळा, सुवर्णदुर्ग, विजयदुर्ग आणि सिंधुदुर्ग केंद्राकडे आहेत, तर राजगड, प्रतापगड, साल्हेर आणि खांदेरी राज्याकडे. म्हणजे रायगडाचा अर्ज घेऊन राज्याच्या कार्यालयात गेलात तर हेलपाटाच पडणार.

बाकीचे बरेचसे गड, घाटवाटा, बारवा, वीरगळ असंरक्षित आहेत. असंरक्षित म्हणजे बेवारस, असं मात्र समजू नका. गावच्या ग्राम महसूल अधिकाऱ्याकडून, म्हणजे पूर्वीच्या तलाठ्याकडून, किंवा महाभूलेख या राज्याच्या भूमी अभिलेख संकेतस्थळावरून त्या सर्वे नंबरचा सातबारा काढा. जमीन वन खात्याची, महसूल खात्याची, गावठाणातली की खाजगी, हे त्यावरून कळतं. सह्याद्रीतले कितीतरी गड राखीव वनात येतात, काही थेट अभयारण्यात. हरिश्चंद्रगड कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यात आहे, वासोटा कोयना अभयारण्यात. अभयारण्यात शिरायलाच वन्यजीव संरक्षण अधिनियम 1972 खाली परवानगी लागते, मग झाडझुडूप तोडणं तर दूरच.

स्मारक संरक्षित आहे का, अधिसूचनेतली त्याची हद्द कुठपर्यंत आहे, हे तोंडी विचारून सोडू नका. अधिसूचनेत सर्वे नंबर आणि चतुःसीमा दिलेल्या असतात. तिची प्रत मिळत नसेल तर माहिती अधिकाराचा अर्ज करा. त्याचं उत्तर 30 दिवसांत द्यावं लागतं.

संस्था नोंदणी: कोण करू शकतं

संस्था नोंदणी अधिनियम 1860 खाली संस्था स्थापन करायला किमान सात सज्ञान व्यक्ती लागतात. अशी संस्था महाराष्ट्रात सार्वजनिक न्यासही (ट्रस्ट) ठरते, त्यामुळे महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्तव्यवस्था अधिनियम 1950 खाली तिची दुसरी नोंदणी करावी लागते. दोन्ही कामं धर्मादाय आयुक्तांच्या विभागीय किंवा जिल्हा कार्यालयातूनच होतात. पहिलं प्रमाणपत्र हाती आलं की कलम 18 खालचा न्यासनोंदणीचा अर्ज तीन महिन्यांच्या आत द्यायचा असतो. इथे बरेच गट थांबतात. पहिला दाखला चौकटीत लावला जातो आणि दुसरा अर्ज राहून जातो. पुढे बँक किंवा देणगीदार कंपनी एफ क्रमांक (न्यासनोंदणीचा क्रमांक) आणि परिशिष्ट एकचा (न्यासाच्या नोंदवहीतल्या तपशिलाचा) उतारा मागते तेव्हा धावपळ सुरू होते.

सात जण निवडताना एकाच घरातली माणसं घालू नका. माझा आग्रह असा की निदान दोन सदस्य गडाच्या पायथ्याच्या गावातले असावेत. कायदा तसं सांगत नाही, पण गावाला विश्वासात न घेता केलेली मोहीम दुसऱ्या वर्षी टिकत नाही. आणि गडाची रोजची राखण गावकरीच करत असतात.

नाव ठरवताना एक कायदा पाहून घ्या. बोधचिन्हे व नावे (अनुचित वापरास प्रतिबंध) अधिनियम 1950 च्या अनुसूचीत छत्रपती शिवाजी महाराजांचं नाव आणि चित्र दोन्ही आहेत. अनुसूचीतली नावं वापरून संस्था नोंदवण्यावर आणि व्यवसायासाठी ती वापरण्यावर हा कायदा बंधनं घालतो. महाराजांवरच्या श्रद्धेपोटीच तर आपण गडावर जातो, म्हणून हे मनाला लागतं. तरी नाव त्रुटीत अडकून महिने जाण्यापेक्षा गड, दुर्ग, सह्याद्री किंवा तुमच्या परिसराचं नाव घेणं बरं. पसंतीक्रमाने तीन-चार नावं तयार ठेवा.

लागणारे कागद

नोंदणीसाठी साधारणपणे हे लागतं: संस्था स्थापनेच्या सभेचा ठराव, उद्देश मांडणारं विधानपत्र, नियम व नियमावली म्हणजेच घटना, पहिल्या कार्यकारी मंडळाची यादी (पूर्ण नाव, वय, व्यवसाय, पत्ता, पद), प्रत्येकाचं संमतीपत्र आणि सही, एका पदाधिकाऱ्याला अर्जासाठी दिलेलं अधिकारपत्र, प्रतिज्ञापत्र, सर्वांच्या ओळखीचे व पत्त्याचे पुरावे. कार्यालय कोणाच्या घरी असेल तर घरमालकाचं ना-हरकत पत्र आणि वीजबिल जोडा. शुल्क आणि प्रतींची संख्या अर्ज भरण्याच्या दिवशी कार्यालयातूनच खात्री करून घ्या.

उद्देश लिहिताना घाई करू नका. दुसऱ्या मंडळाच्या घटनेतून उतरवलेले शिक्षण, आरोग्य, क्रीडा, महिला सबलीकरण असे सगळे उद्देश एकत्र घातले की संस्था नक्की काय करणार हे अधिकाऱ्यालाही कळत नाही. ऐतिहासिक वास्तू, जुन्या वाटा, पाणवठे यांची देखभाल, नोंद आणि लोकजागृती हे स्पष्ट लिहा. त्यापुढे ‘संबंधित शासकीय खात्याच्या परवानगीने व देखरेखीखाली’ हे शब्द जरूर टाका. पुढे परवानगीचा अर्ज करताना हेच वाक्य उपयोगी पडतं.

नोंदणी झाली की विश्वस्त बदलले, पत्ता बदलला, तर 90 दिवसांत विश्वस्तव्यवस्था अधिनियमाच्या कलम 22 खाली बदल अर्ज द्यावा लागतो. तरुण मुलं नोकरीसाठी गाव सोडतात, नवी येतात, बदल अर्ज मात्र कोणी देत नाही. मग काही वर्षांनी कागदोपत्री विश्वस्त एक आणि काम करणारे दुसरेच, अशी स्थिती होते आणि बँक सही मानत नाही. हिशेब दरवर्षी 31 मार्चला बांधून लेखापरीक्षण करून घ्यायचे.

नोंदणी न करता नुसता गट ठेवायचा असेल तर तेही चालतं. पण लोकांकडून वर्गणी गोळा करणार असाल तर त्याच विश्वस्तव्यवस्था अधिनियमाच्या कलम 41क ची परवानगी लागते. गणेशोत्सव मंडळं दरवर्षी घेतात तीच ही.

गडावरच्या कामाचा अर्ज

राज्य संरक्षित गडासाठी अर्ज त्या विभागाच्या सहायक संचालक, पुरातत्त्व यांच्याकडे जातो. पुणे, नाशिक, रत्नागिरी, नागपूर, छत्रपती संभाजीनगर आणि नांदेड इथे ही कार्यालयं आहेत. केंद्र संरक्षित गडासाठी भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या त्या मंडळाच्या, म्हणजे विभागीय कार्यालयाच्या, अधीक्षण पुरातत्त्वविदांना लिहायचं आणि प्रत गडावरच्या किंवा जवळच्या उपमंडळातल्या संवर्धन सहायकाला द्यायची. वनातल्या जागेसाठी वनपरिक्षेत्र अधिकाऱ्यामार्फत उपवनसंरक्षकांना. अभयारण्य असेल तर वन्यजीव विभागाकडे. गड संरक्षित असून वन जमिनीवर असेल तर दोन्ही खात्यांची परवानगी लागते, एकीवर दुसरी मिळाली असं होत नाही. खाजगी जमिनीसाठी मालकाची लेखी संमती आणि ग्रामपंचायतीचा ठराव घ्या.

अर्जात सर्वांत जास्त वजन कामाच्या वर्णनाला आहे. ‘गडाची स्वच्छता व संवर्धन’ इतकंच लिहिलेल्या अर्जावर कोणता अधिकारी सही करील? तेच ‘महादरवाजाच्या आतल्या देवड्यांसमोर (पहारेकऱ्यांच्या खोल्यांसमोर) वाहून आलेली माती हाताने काढणे, खोली जुन्या फरसबंदीपर्यंत, माती अमुक जागी टाकणे’ असं लिहिलं की त्याला नेमकं काय मंजूर करतोय ते कळतं. त्यासोबत जागा दाखवणारा हाती काढलेला नकाशा, सध्याचे फोटो, तारखा, माणसांची अंदाजे संख्या, हत्यारांची यादी, मुक्काम कुठे, जेवण कुठे शिजणार, कचरा खाली कोण आणणार, प्रथमोपचाराची सोय, जबाबदार व्यक्तीचं नाव द्या. संस्थेची प्रमाणपत्रं, मोहिमेचा ठराव आणि आधीच्या कामाचे फोटो जोडा. आवक क्रमांक आणि शिक्क्याची पोच घेतल्याशिवाय कार्यालयातून निघू नका. मोहिमा दिवाळीनंतर असतील तर अर्ज पावसाळ्यातच टाका, म्हणजे स्थळपाहणीला वेळ राहतो.

प्लास्टिक वेचणं, वाळलेलं गवत काढणं, ढासळलेले चिरे मोजून एका बाजूला रचणं, वाटेवरची दरड हटवणं अशा कामांना होकार मिळायला तुलनेने कमी अडचण येते. पडलेला तट पुन्हा उभारणं, सिमेंट वापरणं, दरवाजे बसवणं, तोफ हलवून नव्या गाड्यावर चढवणं, लोखंडी कठडे किंवा फलक रोवणं ही बांधकामं आहेत. ती खातं स्वतः करतं किंवा त्याच्या देखरेखीखालीच होतात. केंद्र संरक्षित स्मारकापासून 100 मीटर क्षेत्र बांधकामासाठी प्रतिबंधित आहे आणि त्यापुढचे 200 मीटर नियंत्रित. स्मारकाची मोडतोड किंवा विद्रूपीकरण केल्यास केंद्रीय कायद्यात दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्हीची तरतूद आहे.

तटात रुजलेल्या पिंपळ-वडाबद्दल वेगळं सांगायला हवं, कारण सगळ्यात जास्त नुकसान तिथेच होतं. मूळ ओढून काढलं की त्याबरोबर चिरे निघून येतात आणि आतला भराव मोकळा होतो. असं झाड जागच्या जागी कापायचं की त्याचं मूळ मारायचं, हे खात्याच्या माणसाने पाहून ठरवू द्या. वाटेवर खुणा करायच्या तर कातळावर रंगाचे बाण काढू नका. घाटवाटेच्या जुन्या खोदीव पायऱ्यांवर नव्याने छिन्नी चालवू नका. निसरड्या जागी नुसते दगड रचून, पाणी बाजूला वळवून वाट बरीच सुधारते आणि त्याची परवानगीही लवकर मिळते.

गाळात काही सापडलं तर

टाकं उपसताना तोफगोळे, नाणी, खापरं, शिल्पांचे तुकडे निघतात. सापडल्या क्षणी त्या जागचं काम थांबवा, वस्तू जिथे आहे तिथेच फोटो घ्या, खोली मोजा, वेळ लिहा आणि पुरातत्त्व कार्यालयाला कळवा. 1878 चा निखात निधी कायदा आजही लागू आहे: दहा रुपयांहून जास्त किमतीचं पुरलेलं धन सापडल्यास जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवावं लागतं. असंरक्षित गडालाही हे लागू आहे. नाणं घरी नेऊन धुणं, चिंचेने घासणं, मंडळाच्या कपाटात ठेवणं यातलं काहीही करू नका. कोणत्या थरात, कशाच्या शेजारी सापडलं ही माहिती गेली की इतिहासाच्या अभ्यासाला त्या नाण्याचा निम्मा उपयोगही उरत नाही. पंचनामा होऊन वस्तू खात्याकडे गेली की त्याची प्रत मागून घ्या. तो तुमचा हक्क आहे.

पैशांबद्दल

संस्थेच्या नावाने पॅन काढून बँक खातं उघडा, देणगी शक्यतो खात्यावरच घ्या. देणगीदाराला करसवलत द्यायची तर आयकर खात्याकडे स्वतंत्र नोंदणी करावी लागते. लोक तिला अजून 12ए आणि 80जी म्हणतात. मात्र आयकर अधिनियम 2025 हा 1 एप्रिल 2026 पासून लागू झाल्यावर कलमांचे क्रमांक बदलतात, म्हणून जुने नमुने वापरू नका. कंपन्यांचा सामाजिक दायित्व निधी घ्यायचा तर सीएसआर-1 नमुन्याची नोंदणीही लागते. परदेशी नागरिकत्व घेतलेल्या नातेवाइकाकडून आलेले पैसे विदेशी देणगी ठरतात. विदेशी अंशदान कायद्याखालच्या नोंदणीशिवाय ते स्वीकारता येत नाहीत. निधीसाठी पैसे घेऊन ट्रेक काढणार असाल तर राज्याच्या 2021 च्या साहसी पर्यटन धोरणानुसार पर्यटन संचालनालयाकडे आयोजक म्हणून नोंदणी करा.

परवानगी बहुतेक वेळा ठरावीक तारखांपुरतीच असते. मोहीम संपली की आधीचे-नंतरचे फोटो, हजेरी आणि किती काम उरलं याची नोंद असलेला दोन पानी अहवाल त्याच आवक क्रमांकाचा उल्लेख करून द्या, आणि पुढच्या टप्प्याचा अर्ज त्याच्याबरोबरच जोडा.